हृदयाच्या गोळ्या, पित्ताचे औषध आणि ताटातील पदार्थ : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकच अडचण निरनिराळ्या शब्दांत मांडलेली आहे. हृदयासाठी रोज चार-पाच गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांनी पित्त खवळते, पित्तासाठी घरात काही ना काही घेतले जाते, आणि मग शेजारचे कोणीतरी सांगते की हे त्याच्याबरोबर चालत नाही. त्यातील सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि मजकूर थोडा आटोपशीर केला आहे. उत्तरे वाचून कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये अथवा बदलू नये. हा अंक घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि त्यांना विचारावे.

प्रश्न : माझे वय 61 आहे. आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, रक्तदाबाची एक गोळी आणि रात्री कोलेस्टेरॉलसाठी रोसुवास्टॅटिन चालू आहे. पित्ताचा त्रास जुना असल्याने मी कित्येक वर्षे दुकानातून ओमेप्राझोल आणून घेतो, आणि रात्री जेवणानंतर जळजळ झाली की गुलाबी पातळ औषधाचे दोन चमचे घेतो. मुलाने मोबाइलवर वाचले की ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेल काम करीत नाही. मी पित्ताची गोळी बंद करावी का? — एक वाचक, सांगली

बंद करू नये. ती बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मुलाने वाचले त्यात तथ्य आहे, परंतु त्यातून आपण काढलेला निष्कर्ष धोक्याचा ठरू शकतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

क्लोपिडोग्रेल ही गोळी आपण गिळतो तेव्हा ती तयार औषध नसते. शोषल्या गेलेल्या मात्रेपैकी सुमारे 85 टक्के भाग शरीर निकामी करून टाकते आणि उरलेल्या सुमारे 15 टक्के भागावर यकृतातील विकरे (एन्झाइम) दोन टप्प्यांत काम करतात, तेव्हा कोठे रक्तातील बिंबिकांना (प्लेटलेट) एकमेकींना चिकटण्यापासून रोखणारा पदार्थ तयार होतो. या कामात सीवायपी-2सी19 नावाच्या विकराचा वाटा मोठा असतो आणि ओमेप्राझोल व त्याचे भावंड एसोमेप्राझोल नेमके त्याच विकराला अडवतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2009 साली ही दोन औषधे क्लोपिडोग्रेलबरोबर टाळावीत असा इशारा दिला, तो यामुळेच. एक गोळी सकाळी आणि दुसरी रात्री घेतली म्हणजे प्रश्न सुटतो असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही, कारण येथे पोटात दोन औषधे एकमेकांना भिडत नसून यकृतातील कामगारच अडवून ठेवला जातो, आणि तो बारा तासांनीही पुरता मोकळा झालेला नसतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोजेंट’ या चाचणीत सुमारे 3,700 रुग्णांना ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांच्या जोडीला ओमेप्राझोल किंवा औषधविरहित कॅप्सूल दिली होती. ओमेप्राझोल घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले नाहीत, आणि जठर व आतड्यांतील रक्तस्रावासारखे प्रकार मात्र निम्म्याहून कमी झाले. खर्च करणाऱ्या कंपनीचा पैसा आटल्याने ही चाचणी वेळेपूर्वीच थांबली, त्यामुळे तिला शेवटचा शब्द मानता येत नाही. तरी एवढे तिने स्पष्ट केले की ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र घेणाऱ्याच्या जठराला संरक्षण हवेच असते. साठी ओलांडलेल्या आणि पित्ताचा जुना त्रास असलेल्या रुग्णाला तर ते विशेष हवे. जठरातून रक्तस्राव झाला की क्लोपिडोग्रेल थांबवण्याची पाळी येते, आणि पहिल्या वर्षात ते थांबले की स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती असते.

सोपा मार्ग असा की या विकराला फारसा न अडवणारे पॅन्टोप्राझोल घ्यावे. ते आज प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळते आणि बहुतेक हृदयरोगतज्ज्ञ स्वतःहून तेच लिहून देतात. आपल्या बाबतीत ते लिहून दिले गेले नाही, याचे कारण मला आपल्या पत्रातच दिसते : आपण दुकानातून परस्पर आणत असलेल्या ओमेप्राझोलचा उल्लेख डॉक्टरांजवळ कधी झालेलाच नसावा. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे मी विचारतो तेव्हा रुग्ण रक्तदाबाची, साखरेची, कोलेस्टेरॉलची गोळी सांगतात, आणि पित्ताची गोळी, चूर्ण, सोडा हे काही औषधात धरीत नाहीत. ही गोष्ट मला फार काळजीची वाटते. शिवाय भारतीय उपखंडातील लोकांत हे विकर जन्मतःच मंद असण्याचे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा अधिक आढळते. ज्याचा कामगार मुळातच सावकाश काम करतो, त्याच्या वाटेत आणखी अडथळा ठेवू नये.

आता त्या गुलाबी पातळ औषधाविषयी. अशा औषधांत बहुधा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. ते रोसुवास्टॅटिनबरोबर एकाच वेळी घेतले तर त्या गोळीचे रक्तातील प्रमाण सुमारे निम्म्यावर येते. येथे मात्र अंतर राखल्याने काम भागते : आधी रोसुवास्टॅटिन घ्यावे आणि निदान दोन तासांनी पातळ औषध घ्यावे. त्याहून सोयीचे म्हणजे रोसुवास्टॅटिन सकाळी घेणे. ही गोळी दिवसात कोणत्याही ठरावीक वेळी घेतली तरी चालते. ती रात्रीच घ्यावी लागते हा नियम जुन्या, अल्पकाळ टिकणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांवरून आलेला आहे. लोहाची गोळी घेणाऱ्यांनीही पातळ औषधापासून असेच अंतर राखावे, आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी निदान चार तासांचे.

एक सूचना अधिक. पॅन्टोप्राझोल सकाळच्या न्याहारीपूर्वी अर्धा तास घ्यावे. जेवण होऊन जळजळ सुरू झाल्यावर ते घेण्यात फारसा अर्थ नसतो, कारण अन्नाच्या चाहुलीने जठरातील आम्ल सोडणारे पंप जागे होतात त्या वेळी औषध रक्तात हजर असावे लागते. आणि गुडघे दुखतात म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नये. ती जठराला तर दुखावतातच, आणि आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनच्या आधी पोटात गेले तर बिंबिकांवरील ॲस्पिरिनची जागा अडवून बसते.

प्रश्न : अनियमित ठोक्यांसाठी मला ॲमिओडॅरोन चालू आहे, शिवाय ॲटोर्व्हास्टॅटिन आहे. पित्तासाठी दुकानदार पॅन्टोप्राझोलची ‘डी’ लावलेली कॅप्सूल देतो. आता दुर्बिणीच्या तपासणीत जठरात जंतू सापडले असून चौदा दिवसांचा औषधांचा संच सांगितला आहे. काही अडचण आहे का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आहे, आणि ती दोन ठिकाणी आहे. ‘डी’ म्हणजे डोम्पेरिडोन. हे औषध मळमळ थांबवते आणि जठर पुढे सरकवते, परंतु पित्त कमी करीत नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर विद्युतप्रवाह पूर्ववत होण्यास जो काळ लागतो, तो डोम्पेरिडोनने लांबू शकतो आणि ॲमिओडॅरोननेही लांबतो. दोन्ही एकत्र आली की जिवावर बेतणाऱ्या अनियमित ठोक्यांचा धोका वाढतो. युरोपच्या औषध संस्थेने 2014 साली डोम्पेरिडोनचा वापर मळमळ व उलटीपुरता, कमी मात्रेत आणि साधारण एका आठवड्यापुरता मर्यादित केला, आणि हृदयाच्या विद्युतवहनात दोष असणाऱ्यांना तसेच ठोक्याचा काळ लांबवणारी औषधे घेणाऱ्यांना ते देऊ नये असे सांगितले. आपल्याकडे मात्र ही जोडकॅप्सूल वर्षानुवर्षे रोज घेणारे रुग्ण मला भेटतात, आणि ‘डी’चा अर्थ त्यांपैकी क्वचितच कोणाला ठाऊक असतो. आपण साधे पॅन्टोप्राझोल मागून घ्यावे.

दुसरी अडचण जंतूंच्या संचात आहे. त्यात बहुधा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक असते. तेही ठोक्याचा काळ लांबवते, आणि त्याशिवाय ॲटोर्व्हास्टॅटिनचा निचरा करणाऱ्या विकराला अडवून त्याचे रक्तातील प्रमाण इतके वाढवू शकते की स्नायूंना इजा होते. अशा वेळी अंग ठणकते, लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. जंतूंचा उपचार टाळण्याजोगा नाही, पण क्लॅरिथ्रोमायसिन नसलेले संच उपलब्ध आहेत. पोटाच्या डॉक्टरांना हृदयाच्या औषधांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय पहिली गोळीही घेऊ नये.

प्रश्न : माझ्या आईच्या हृदयाची मायट्रल झडप चार वर्षांपूर्वी बदलून धातूची बसवली आहे. तिला रक्त पातळ करणारी ॲसेनोकुमारॉलची गोळी रोज संध्याकाळी देतो. हिरव्या भाज्या चालत नाहीत असे समजल्यावर आम्ही तिच्या जेवणातून पालेभाजी, कोथिंबीर, कोबी सगळे काढून टाकले. तरीही आयएनआर (रक्त गोठण्यास किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतील आकडा) कधी 1.8 येतो, कधी 4 च्या वर जातो. श्रावणात तर तो 4.8 झाला आणि हिरड्यांतून रक्त आले. त्याच आठवड्यात तिला जुलाब झाले होते व घरातील मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दिल्या होत्या. आमचे काय चुकते? — एक वाचक, रत्नागिरी

आपली काळजी पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसते. चूक झाली असेल तर ती सांगणाऱ्यांची आहे. ‘हिरव्या भाज्या बंद’ हा सल्ला आजही अनेक रुग्णांना दिला जातो, आणि तो शास्त्राला धरून नाही.

या गोळीने रक्त खरोखर पातळ होत नाही. रक्त गोठवणारी काही प्रथिने तयार करण्यासाठी यकृताला के जीवनसत्त्व लागते, आणि एकदा वापरलेले के जीवनसत्त्व पुन्हा वापरण्याजोगे करण्याची क्रिया ही गोळी अडवते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात 1930 च्या सुमारास बुरशी आलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत होती, त्या प्रकरणाचा शोध घेताना कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेला या गटातील पहिला पदार्थ सापडला. सुरुवातच चाऱ्यापासून झालेल्या या औषधाचे खाण्यापिण्याशी इतके जवळचे नाते असावे, हे मला नेहमी लक्षणीय वाटते.

तर आईच्या शरीरात एका बाजूला गोळी आहे आणि दुसऱ्या बाजूला अन्नातून येणारे के जीवनसत्त्व आहे, आणि डॉक्टर गोळीची मात्रा ठरवतात ती या दोन्हींचा तोल पाहून. धातूच्या मायट्रल झडपेसाठी आयएनआर साधारण 2.5 ते 3.5 च्या दरम्यान ठेवतात. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे 480 मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असते, कोथिंबिरीत सुमारे 300, कोबीत सुमारे 75, तर लाल भोपळ्यात जवळजवळ नसतेच. प्रौढ स्त्रीची रोजची गरज साधारण 90 मायक्रोग्रॅम मानतात. आपण सगळ्या हिरव्या भाज्या काढल्या तेव्हा शरीरातील साठा रिकामा झाला, आणि ज्याचा साठा रिकामा असतो त्याच्या बाबतीत क्षुल्लक फरकही मोठा होऊन दिसतो. एखाद्या दिवशी लग्नकार्यात अळूचे फदफदे खाल्ले की आयएनआर खाली जातो, आणि दोन दिवस पोट बिघडून जेवण गेले नाही की तो एकदम चढतो. ज्यांच्या जेवणात पालेभाजी नियमित असते त्यांचा आयएनआर अधिक स्थिर राहतो. म्हणून भाजी बंद करण्याऐवजी ठरावीक करावी : दिवसाआड एक वाटी मेथी, पालक, माठ किंवा शेपू, आणि रोजच्या आमटीवर नेहमीइतकी कोथिंबीर. ही सुरुवात डॉक्टरांना सांगून करावी आणि पहिल्या महिन्यात आयएनआर दर आठवड्याला पाहावा, कारण गोळीची मात्रा थोडी वाढवावी लागण्याची शक्यता आहे.

आता श्रावणाविषयी. चातुर्मासात आपल्या अनेक घरांत जेवण बदलते. कोणी भाजी सोडण्याचे व्रत धरते, कोणी सोमवार-शनिवार उपवास करते, तर कोकणात याच दिवसांत टाकळा, भारंगी, कुर्डू अशा रानभाज्या ताटात येतात आणि ऋषिपंचमीला पालेभाज्यांनी भरलेली एकच मोठी भाजी होते. एका महिन्यात के जीवनसत्त्व शून्यावर आणि पुढच्या महिन्यात चौपट, असे घडू शकते. मी कोणाला व्रत सोडा असे सांगणार नाही. मात्र आषाढी एकादशीपूर्वीच डॉक्टरांना ‘पुढील चार महिने आईचे जेवण असे असेल’ हे सांगावे, म्हणजे तपासण्या त्यानुसार लावता येतील.

तरीही 4.8 हा आकडा उपवासापेक्षा मेट्रोनिडाझोलमुळे झाला असण्याचा संभव अधिक आहे. हे औषध ॲसेनोकुमारॉलचा निचरा अडवते आणि आयएनआर काही दिवसांतच वर नेते. त्यात जुलाबांमुळे जेवण कमी, म्हणजे के जीवनसत्त्वही कमी. दोन्ही बाजूंनी तराजू एकीकडेच कलला. हिरड्यांतून रक्त येणे ही सूचना होती आणि आपण ती ओळखलीत. यापुढे कोणतेही प्रतिजैविक किंवा बुरशीवरील औषध सुरू झाले, मग ते दातांच्या डॉक्टरांनी दिलेले असो, की तीन-चार दिवसांत आयएनआर तपासून घ्यावा. पित्तासाठी ओमेप्राझोलऐवजी पॅन्टोप्राझोल बरे. अंगदुखीला पॅरासिटामॉल द्यावे, पण तेही सलग अनेक दिवस भरपूर मात्रेत दिले तर आयएनआर वाढतो. भाजीतली हळद आणि फोडणीतला लसूण यांची भीती बाळगू नये; हळदीचा अर्क भरलेल्या कॅप्सूल मात्र देऊ नयेत.

प्रश्न : मी मुलाकडे न्यू जर्सीला आले आहे. येथे माझ्या सिम्वास्टॅटिनच्या बाटलीवर ‘ग्रेपफ्रूट खाऊ नये’ असा कागद चिकटवला आहे. म्हणून मी द्राक्षे सोडली आहेत. मनुकाही सोडाव्यात का? — एक वाचिका, मूळ राहणार नाशिक

नाशिकच्या माणसाने द्राक्षे सोडण्याचे काहीही कारण नाही. मनुकाही खाव्यात, मधुमेह असेल तर बेताने. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते मोसंबीच्या कुळातील, मोठे, पिवळसर सालीचे आणि किंचित कडवट फळ आहे. झाडाला द्राक्षांसारखे घोस लागतात म्हणून त्याला हे नाव मिळाले असे मानतात, आणि त्या नावाने मराठी रुग्णांची किती फसगत झाली आहे हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

या फळाचा गुण योगायोगाने उघड झाला. कॅनडातील डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीचा मद्याशी संबंध तपासत होते, आणि मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातील फेलोडिपिन अपेक्षेहून कितीतरी पट वाढलेले दिसले, आणि त्याचे कारण मद्य नसून रस निघाला. 1989 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. या रसातील काही द्रव्ये आतड्याच्या अस्तरातील, औषधांची वाट रोखणारे एक विकर कायमचे निकामी करतात, आणि नवे विकर तयार होईपर्यंत, म्हणजे एक ते तीन दिवस, गोळीचा नेहमीपेक्षा पुष्कळ मोठा भाग रक्तात शिरतो. सिम्वास्टॅटिनच्या बाबतीत यातून स्नायूंना इजा होऊ शकते. सकाळी फळ आणि रात्री गोळी अशी युक्ती येथे चालत नाही. ॲटोर्व्हास्टॅटिनवर परिणाम कमी होतो, रोसुवास्टॅटिनवर जवळजवळ होत नाही.

आपल्या ओळखीचे एक फळ मात्र याच घरातील आहे, ते म्हणजे पपनस. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि मोसंबी-संत्र्याच्या गोड जातीचा संकर आहे, आणि ती द्रव्ये त्याला पपनसाकडूनच मिळाली आहेत. कोकणात व गोव्यात गणपतीच्या दिवसांत पपनस घरोघरी येते. सिम्वास्टॅटिन, फेलोडिपिन किंवा ॲमिओडॅरोन घेणाऱ्यांनी प्रसाद म्हणून एखादी पाकळी तोंडात टाकली तर घाबरू नये, पण वाटीभर सोलून खाऊ नये. मोसंबी, संत्रे आणि लिंबू यांना ही बंदी लागू नाही.

प्रश्न : वडिलांचे हृदय अशक्त आहे (पंपिंग 30 टक्के). फ्युरोसेमाइड, डिगॉक्सिन व स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे. जेवणानंतर ते पाण्यात खाण्याचा सोडा किंवा फसफसणारी पुडी घेतात, आणि कोणीतरी सांगितल्यावरून दोन महिन्यांपासून ज्येष्ठमधाचे चूर्ण दुधातून घेतात. मीठ तर आम्ही अगदी कमी केले आहे, तरी पाय सुजतात. — एक वाचिका, जळगाव

मीठ ताटातून गेले, पण सोडियम पेल्यातून परत आले. खाण्याच्या सोड्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 270 मिलिग्रॅम सोडियम असते. एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम, घेतला तर साडेबाराशे मिलिग्रॅमहून अधिक सोडियम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी माणसासाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा 2,000 मिलिग्रॅमची आहे. फसफसणाऱ्या पुडीतही मुख्यतः सोडाच असतो. हे सोडियम पाणी धरून ठेवते, आणि अशक्त हृदयाला ते पाणी उपसता येत नाही.

ज्येष्ठमधाविषयी मी अधिक कळकळीने लिहितो, कारण वनस्पती म्हणून आपण तिला निरुपद्रवी मानतो. ज्येष्ठमधाला गोडी देणारे ग्लिसिरायझिन हे द्रव्य मूत्रपिंडात अशी परिस्थिती निर्माण करते की शरीर मीठ व पाणी साठवू लागते आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तदाब चढतो, सूज वाढते. लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड आधीच पोटॅशियम बाहेर घालवीत असते, आणि पोटॅशियम उतरले की डिगॉक्सिनचा नेहमीचाच डोस विषासारखा वागू लागतो : भूक मरते, मळमळते, वस्तूंभोवती पिवळसर छटा दिसते, ठोके बिघडतात. त्यातली मळमळ पित्ताची समजून रुग्ण आणखी चूर्ण घेतो, हे मी पाहिले आहे. चूर्ण आजच थांबवावे आणि या आठवड्यातच पोटॅशियम, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि जमल्यास डिगॉक्सिनची रक्तातील पातळी तपासावी. चूर्ण थांबवल्यावरही त्याचा परिणाम एक-दोन आठवडे रेंगाळतो. भूक मेली असेल किंवा ठोके अनियमित वाटत असतील तर तपासणीसाठी थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पातळ पित्तशामक औषधे आणि इसबगोल डिगॉक्सिनचे शोषण कमी करू शकतात. त्यांच्यात निदान दोन तासांचे अंतर असावे. पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षे घेतल्यास काही रुग्णांत मॅग्नेशियम उतरते, तेही अधूनमधून पाहावे. रात्रीचे जेवण लवकर व थोडे घेणे आणि पलंगाची उशाकडील बाजू विटा लावून उंच करणे, हे उपाय वडिलांच्या बाबतीत कोणत्याही पुडीपेक्षा हिताचे आहेत.

स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांसाठी, आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन ही रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांसाठीही, उलट बाजूचा इशारा आहे. ही औषधे पोटॅशियम शरीरात राखून ठेवतात. पित्त शमावे म्हणून रोज दोन शहाळी पिणाऱ्याच्या पोटात त्यातूनच हजार-दीड हजार मिलिग्रॅम पोटॅशियम जाऊ शकते, आणि उपवासाच्या दिवशी रताळी, बटाटा, केळी व शेंगदाणे यांची त्यात भर पडते. मूत्रपिंडे चांगली असतील तर अधूनमधून एक शहाळे चालते. ‘कमी सोडियमचे मीठ’ मात्र या रुग्णांनी घेऊ नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते.

प्रश्न : छातीत जळजळ झाली तर ती पित्ताची की हृदयाची, हे घरी कसे ओळखावे? — एक वाचक, कोल्हापूर

खात्रीने ओळखता येत नाही, आणि अनुभवी डॉक्टरलाही केवळ लक्षणांवरून ते नेहमी जमत नाही. हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त कमी पडले तर दुखणे बेंबीच्या वर, नेमके पित्ताच्या जागी जाणवू शकते, आणि ढेकर आल्याने बरे वाटू शकते. पातळ औषधाने आराम पडला, एवढ्यावरून हृदय सुटले असे मानता येत नाही. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात दुखण्याऐवजी नुसता घाम, धाप किंवा गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच असू शकते.

हेही खरे की हृदयाच्या काही औषधांनी खरोखरीचे पित्त होते. ॲस्पिरिन जठराला दुखावते; नायट्रेटच्या गोळ्या आणि निफेडिपिन, अम्लोडिपिन यांसारखी औषधे अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप सैल करतात, त्यामुळे आम्ल वर येते. वाकल्यावर किंवा जेवून लगेच आडवे झाल्यावर होणारी, तोंडात आंबट पाणी आणणारी जळजळ बहुधा या प्रकारची असते. परंतु चालताना किंवा जिना चढताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी जळजळ हृदयाची समजावी, आणि दाब, घाम, धाप, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ यांपैकी काहीही बरोबर असेल तर पित्ताचे औषध घेऊन वाट पाहू नये. 108 क्रमांकाला फोन करावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खावे. स्वतः गाडी चालवू नये.

रुग्णालयात पहिला ईसीजी चांगला आला तरी डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबावे, कारण तो काही वेळाने पुन्हा काढावा लागतो आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी) रक्ततपासणीही काही तासांच्या अंतराने करावी लागते. तेथे घरातील गोळ्यांची पिशवी बरोबर न्यावी, आणि त्या पिशवीत पित्ताची पातळ बाटली, चूर्णाची डबी आणि सोड्याची पुडीही असावी.